हेस्टिंग्ज स्ट्रीटवरचा रविवार

कोट काढा आणि हातावर घ्या, उकाडा भयंकर आहे. तुम्ही डेट्रॉइटमध्ये आहात, १९५६ च्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी सकाळी, हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या फुटपाथवर. मालट्रक गेला की पायाखालची फरशी थरथरते. एका खाणावळीच्या मागच्या अंगणात रात्रभर निखाऱ्यांवर ठेवलेल्या डुकराच्या बरगड्या अजून धुमसताहेत आणि त्यांचा गोडसर, चरबट धूर तुमच्या केसांत बसलाय. न्हाव्याचं दुकान बंद आहे, तरी दाराच्या फटीतून पोमेडचा वास येतोच. पलीकडे बिलियर्डचा अड्डा, गहाणवटीचं दुकान आणि पहाटेपर्यंत गिटार वाजत होती त्या क्लबांची दारं. ब्ल्यूज गायक जॉन ली हूकर याच रस्त्यावर वाजवून मोठा झाला.

रात्र जागवून घरी निघालेली माणसं आणि अंघोळ करून चर्चला निघालेली माणसं या घडीला एकाच फुटपाथवर एकमेकांना भेटतात. काहींच्या कॉलरला कालची दारू, काहींच्या कॉलरला आजची खळ. दोघंही एकमेकांना नावानं ओळखतात, हात वर करून विचारपूस करतात. त्यांच्याकडे नीट बघून घ्या. आपण ज्या मुलीला भेटायला आलोय, तिचा आवाज या दोन कॉलरींच्या मधोमध घडलाय.

वाटेत ३५३० नंबरच्या दुकानापाशी क्षणभर थांबा. हे जो व्हॉन बॅटलचं रेकॉर्डचं दुकान. काचेतून आतल्या रेकॉर्डी दिसतात, मागच्या खोलीत तो ध्वनिमुद्रणही करतो. एखाद्या कामाच्या दिवशी आलात, तर दारावरच्या लाउडस्पीकरमधून एका धर्मगुरूचं प्रवचन अख्ख्या रस्त्याला ऐकू जात असतं आणि बाजारहाट करणाऱ्या बायका पिशव्या खाली ठेवून फुटपाथवरच उभ्या राहतात. तो आवाज रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांचा. त्यांची प्रवचनं रेकॉर्डवर विकली जातात, रेडिओवर लागतात. आज मात्र आपण त्यांना प्रत्यक्ष ऐकणार आहोत, आणि त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीलाही.

विलिस स्ट्रीटच्या कोपऱ्यावर न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्च. इथे पूर्वी बोलिंगचा हॉल होता. मंडळींनी पैसा उभा करून त्या जागी हे चर्च बांधलं. ते १९५१ साली खुलं झालं. दारात पांढरे हातमोजे घातलेली बाई तुम्हाला खुणेनं आत घेते आणि बाकावर जागा नसतानाही जागा करून देते. तुमचा खांदा डावीकडे एका जाडजूड बाईच्या दंडाला लागलाय, उजवीकडे मोटार कारखान्यात काम करणाऱ्या एका गड्याच्या. त्याच्या नखांतलं काळं तेल साबणाला दाद देत नाही, पण शर्ट बर्फासारखा पांढरा. पुढच्या रांगेत टोप्याच टोप्या: पिसांच्या, जाळीच्या, फुलांच्या. गरम कंगव्यानं सरळ केलेल्या केसांचा किंचित जळका वास, पावडरीचा वास, आणि कुणाच्या तरी पर्समधून निघालेल्या पेपरमिंटचा. पुठ्ठ्याचे हातपंखे एकसारखे हलताहेत. अंत्यविधी करणाऱ्या कंपनीची जाहिरात छापलेला एक पंखा तुमच्याही हातात आलाय. हलवा. वारा फारसा लागणार नाही, पण सगळ्यांबरोबर हात हलवायला लागलात की तुम्ही पाहुणे राहत नाही.

इथे बसलेल्या बहुतेक कृष्णवर्णीयांचं बालपण दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांत गेलंय. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया. कारखान्यांत काम मिळतं म्हणून ती इकडे आली. व्यासपीठावर उभा असलेला माणूसही त्यांच्यातलाच. मिसिसिपीतल्या कुळवाड्याच्या घरात वाढलेला, लहानपणी कापूस वेचलेला. सावत्र वडिलांनी एक दिवस त्याला विचारलं होतं, नांगर धरणार की प्रवचन करणार? त्यानं प्रवचन निवडलं आणि घर सोडलं. आता बघा त्याच्याकडे: बेतून शिवलेला सूट, चापून बसवलेले केस, चकचकीत बूट. मंडळींना तो थाट खुपत नाही, उलट आवडतो. आठवडाभर दुसऱ्यांच्या घरची फरशी पुसणाऱ्या बाईला आपला पाळक असा दिसलेला हवा असतो.

सुरुवात अगदी साध्या बोलण्यानं होते. बायबलमधला एक उतारा, त्याचा अर्थ, एखादी गोष्ट. गरुडाच्या पिलाची त्यांची गोष्ट तर गाजलेली आहे. कोंबड्यांच्या खुराड्यात वाढलेलं ते पिलू शेवटी आकाशात जातं. आवाज खालच्या पट्टीत, गप्पा मारल्यासारखा. मग कुठेतरी, नेमकं कुठे ते तुम्हाला पकडता येत नाही, शब्द ओढले जायला लागतात. वाक्याच्या शेवटी एक घोगरा हुंकार, त्यानंतर श्वास, त्यानंतर पुन्हा वाक्य, पण आता ते सुरात. कीर्तनात निरूपण चालता चालता बुवा नकळत चालीवर येतात, तसंच. फरक इतकाच की इथे साथीला टाळकरी वेगळे नाहीत, अख्खी सभा उत्तर देते. कुणी ओरडतं, कुणी उभं राहतं, ऑर्गन वाक्यांच्या फटी भरतो. मागच्या बाकावरची एक बाई एकाएकी ताठ होते आणि कोसळते. घाबरू नका. पांढऱ्या गणवेशातल्या नर्सा भिंतीकडेला उभ्याच आहेत. त्या येतात, तिला धरतात, चष्मा काढून बाजूला ठेवतात, वारा घालतात. तुमच्या शेजारच्या गड्याचा शर्ट आता पाठीला चिकटलाय आणि तुमचाही.

मग पियानोपाशी एक मुलगी येऊन बसते. लाजरी, मान खाली. सभेकडे बघत नाही. बोटं पट्ट्यांवर ठेवते आणि गायला लागते.

तुम्ही पोरवयाचा गोड गळा ऐकायच्या तयारीत असता आणि येतं ते भलतंच. हा आवाज पूर्ण वाढलेला आहे. वरच्या सुरावर जाताना तो फाटायला येतो आणि फाटत नाही. एकच अक्षर ती धरून ठेवते, वाकवते, वर नेते, खाली आणून सोडते. मधेच तो बापाचा घोगरा हुंकार तिच्याही गळ्यातून निघतो. ही ओढ, हे थांबणं, हा श्वास तिनं दर रविवारी व्यासपीठाखाली बसून उचललाय. तिची गायकी त्या प्रवचनांतून आली आहे, हे इथे बाकावर बसल्यावर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जो व्हॉन बॅटल या वर्षी आपलं यंत्र घेऊन याच चर्चमध्ये आला आणि तिची भक्तिगीतं त्यानं टेपवर घेतली. ध्वनिमुद्रण खरखरीत आहे, गर्दीचा आवाज गाण्यावर चढतो. तेच बरं झालं. नाहीतर या खोलीतली गरमी आपल्याला कधी कळलीच नसती.

तिचं नाव अरीथा. घरचे तिला ‘री’ म्हणतात.

चला, घरी जाऊ. वाटेत हेस्टिंग्जचा धूर मागे पडतो आणि ईस्ट बॉस्टन बुलेव्हार्डवर झाडांची सावली सुरू होते. पाळकाचं घर ऐसपैस आहे, पण दार सदा उघडं आणि आत शांतता म्हणाल तर औषधालाही नाही. जिन्यावरून पोरं धडाधडा उतरताहेत: थोरली अर्मा, भाऊ सेसिल, धाकटी कॅरोलिन. जवळच्याच बेलमाँट रस्त्यावर राहणारा सेसिलचा दोस्त, पुढे गायक म्हणून गाजलेला स्मोकी रॉबिन्सन लहानपणी या घरात पहिल्यांदा आला, तेव्हा आतल्या खोलीत एवढीशी अरीथा पियानो वाजवत गात होती. ते तो पुढे जन्मभर सांगत राहिला. वडिलांनी तिच्यासाठी शिकवणी लावली होती, पण पहिल्या पुस्तकातले बाळबोध धडे तिला नकोसे वाटत. बाई दारात दिसल्या की ती लपून बसायची. तिला रेडिओवर ऐकलेलं सरळ वाजवायचं होतं, आणि ती ते वाजवायचीही.

स्वयंपाकघरात या. मोठ्या पातेल्यात कोलार्डचा पाला खारवलेल्या मांसाबरोबर शिजतोय, झाकण उचललं की वाफ चेहऱ्यावर येते. शिकागोहून भक्तिगीत गायिका महालिया जॅक्सन आल्या की आधी स्वयंपाकघर ताब्यात घेत, पालेभाजी चुलीवर चढवत आणि गाणं मग. (याच महालियाबाई १९७१ मध्ये भारताच्या दौऱ्यावर आल्या, तेव्हा मुंबईतही गाऊन गेल्या.) बाहेरच्या खोलीत कधी जॅझवादक आर्ट टेटम पियानोवर बसलेला, कधी गायिका डायना वॉशिंग्टन गप्पा मारत बसलेली. भक्तिगीतं गाणाऱ्या क्लारा वॉर्ड तर घरच्याच. भक्तिसंगीतातला जेम्स क्लीव्हलंड काही काळ याच घरात राहिला आणि पियानोवरच्या खुब्या त्यानं अरीथाला शेजारी बसवून दाखवल्या. तुम्ही जिन्याच्या पायरीवर बसा आणि ऐका. पलीकडे पाद्रीबुवांच्या खोलीत जॅझ चालू आहे आणि कुणी त्याला पाप म्हणत नाही. भक्तिगीत आणि ब्ल्यूज यांच्यात भिंत घालणारे लोक बाहेर पुष्कळ आहेत. या घरात ती भिंत बांधलीच गेली नाही. पुढे जिला दुनिया सोल संगीत म्हणाली ती चीज या बैठकीत रोजच्या जेवणासारखी होती, हे माझं ठाम मत आहे.

आणि गायक सॅम कुक! तो खोलीत शिरला की मुलींच्या गप्पा थांबतात. अरीथानं त्याच्या कात्रणांची वहीच केली होती. त्यानं चुरगळून टाकलेलं केंट सिगारेटचं रिकामं पाकीटसुद्धा तिनं उचलून जपून ठेवलं होतं. हातात घेऊन बघा: मऊ पडलेला कागद, घडीत अडकलेली तंबाखूची चुरी. चौदा वर्षांच्या मुलीचा खजिना.

या घरात आई नाही. बार्बरा सिगर्स फ्रँकलिन उत्तम गायच्या, पियानो वाजवायच्या. १९४८ मध्ये त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या आणि आपला मुलगा वॉन याला घेऊन बफलोला गेल्या. आई मुलांना टाकून गेली, असं पुढे लोक लिहीत राहिले आणि अरीथा जन्मभर ते खोडत राहिली. सुट्टीत मुलं बफलोला जायची; तिथे छोटं घर होतं, आईचा पियानो होता. १९५२ च्या मार्चमध्ये हृदयविकारानं आई गेली. अरीथाला दहा वर्षं पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते. त्यानंतर लवकरच तिनं न्यू बेथेलमध्ये पहिल्यांदा एकटीनं गाणं म्हटलं, एका छोट्या खुर्चीवर उभं राहून, म्हणजे मागच्या रांगेतल्यांना ती दिसावी. एका नातलग बाईच्या अंत्यविधीला क्लारा वॉर्ड गाता गाता इतक्या भारावल्या की त्यांनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर फेकली. गायिकाच व्हायचं, हे अरीथानं तेव्हा ठरवलं.

घर आता आजी सांभाळते. रेचेल, सगळ्यांची ‘बिग मामा’. तिच्या मांडीवर एक वर्षाचं बाळ आहे. ते अरीथाचं. बाराव्या वर्षी ती आई झाली आणि पुढच्या वर्षी तिला दुसरं मूल होईल. आजी आणि अर्मा बाळांना वाढवतात म्हणून ती गाऊ शकते. शाळा मात्र सुटते. तिच्या वडिलांचा इतिहासही स्वच्छ नाही. मेम्फिसमध्ये असताना त्यांच्याच मंडळीतल्या एका बारा वर्षांच्या मुलीला त्यांच्यापासून मूल झालं होतं. त्या बापाच्या आवाजावर तुम्ही आत्ताच मोहून गेला होतात, आणि तरी हेही खरं आहे. या घरातल्या झगमगाटाबरोबर हे सांगितलंच पाहिजे, कारण चौदाव्या वर्षीच्या त्या आवाजात जे ऐकू येतं, ते नुसत्या तालमीनं येत नाही.

आता गाडीत बसा. मागच्या सीटवर, खिडकीकडेला; मांडीवर शिदोरीची पिशवी. वडिलांचा प्रवचनांचा दौरा निघालाय. ते स्वतः विमानानं जातात, बाकीचे मोटारीनं. एकेका दिवशी आठ-दहा तास रस्ता. रेक्झिनच्या सीटला मांड्या चिकटतात, काच खाली केली की भट्टीसारखा वारा आणि धूळ आत येते. पुढे एक हॉटेल दिसतं, तळणीचा वास येतो, पोटात कावळे ओरडताहेत, आणि गाडी थांबत नाही. इथे कृष्णवर्णीयांना वाढत नाहीत. मुख्य रस्ता सोडून आडबाजूच्या वस्तीत जाऊन खायला शोधायचं. स्वच्छतागृहाचंही तेच. रात्री परक्या गावातल्या कुणा भाविकाच्या घरी पथारी, आणि दुसऱ्या संध्याकाळी भरगच्च सभेत गाणं. ती थकलेली मुलगी तुमच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली असेल, तर हलू नका. उद्या तिला वडिलांच्या प्रवचनाआधी सभा तापवायची आहे.

इथून पुढची वर्षं भराभर. १९६० मध्ये न्यूयॉर्क, कोलंबिया कंपनी, पुष्कळ रेकॉर्डी आणि बेताचं यश. १९६७ मध्ये अटलांटिक कंपनी तिला स्वतः पियानोवर बसवते आणि सगळं जुळून येतं. ‘रिस्पेक्ट’ हे मूळ ओटिस रेडिंगचं गाणं. पण तिच्या ध्वनिमुद्रणात मागून उत्तर देणारे आवाज अर्मा आणि कॅरोलिनचे आहेत. ईस्ट बॉस्टनच्या बैठकीतल्या त्याच बहिणी. बाकाबाकावरून येणाऱ्या हाकाऱ्यांचं काम इथे त्यांनी केलं. (अर्माचंही ऐका कधी. जॅनिस जॉप्लिननं गाजवलेलं ‘पीस ऑफ माय हार्ट’ आधी तिनं गायलं होतं.)

शेवटचा मुक्काम लॉस एंजेलिस, वॉट्स भाग, जानेवारी १९७२. अरीथाच्या भक्तिगीतांच्या आल्बमचं दोन रात्रींचं ध्वनिमुद्रण इथे चालू आहे. न्यू टेम्पल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च पूर्वीचं सिनेमा थिएटर आहे. पुन्हा घाम, पण या वेळी तो सिनेमाच्या दिव्यांचा. दिग्दर्शक सिडनी पोलॅकची माणसं कॅमेरे घेऊन बाकांमधून वाट काढताहेत, वायरींवर पाय पडू देऊ नका. चंदेरी जाकिटांतला गायकवृंद उभा आहे आणि सूत्रं जेम्स क्लीव्हलंडकडे, ज्यानं तिला पियानोवरच्या खुब्या दाखवल्या त्याच्याकडे. ती एकोणतीस वर्षांची आहे, जगातली नंबर एकची गायिका, आणि सबंध कार्यक्रमात दोन शब्द धड बोलत नाही. फक्त गाते. पहिल्या रात्री ‘अमेझिंग ग्रेस’ हे शीर्षकगीत चालू असताना क्लीव्हलंड खाली बसतो आणि रुमालात तोंड घालून रडतो. दुसऱ्या रात्री मागच्या बाजूला रॉक गायक मिक जॅगर दिसेल. त्याच्याकडे बघत वेळ घालवू नका. पुढच्या रांगेत बघा. क्लारा वॉर्ड आहेत आणि शेजारी सी. एल. फ्रँकलिन.

पाद्रीबुवा उठून बोलतात. आपल्या मुलीनं चर्च कधी सोडलंच नाही, असं सांगतात. नंतर ती पियानोवर एकटी बसून ‘नेव्हर ग्रो ओल्ड’ गाते. तिच्या कपाळावरून घाम ओघळतोय, डोळे मिटलेले. वडील जागेवरून उठतात, पियानोपाशी जातात आणि गाणं चालू असतानाच रुमालानं तिचा चेहरा पुसतात. कपाळ, गाल, हनुवटी, लहान मुलाचं पुसावं तसं. ती थांबत नाही. बापलेकीचं सगळं नातं, त्यातलं प्रेम आणि त्यातला अधिकारही, त्या रुमालात आहे.

‘अमेझिंग ग्रेस’ हा त्या दोन रात्रींचा आल्बम तिच्या सगळ्या आल्बमांमध्ये सर्वाधिक खपला. चित्रपट मात्र रखडला. चित्र आणि ध्वनी जुळवायला लागणाऱ्या खुणाच चित्रीकरणात घेतल्या नव्हत्या. पुढे तंत्रानं तो अडसर दूर झाला, तरी अरीथानं प्रदर्शनाला विरोध केला. ऑगस्ट २०१८ मध्ये ती गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो लोकांपुढे आला.

हेस्टिंग्ज स्ट्रीट आता शोधू नका. महामार्गासाठी तो जवळजवळ सगळाच पाडला गेला. न्यू बेथेलची ती इमारत, जो व्हॉन बॅटलचं दुकान, क्लब, खाणावळी, सगळं गेलं. त्या जागेवरून आज आय-७५ वर गाड्या धावतात. चर्च लिनवुड रस्त्यावरच्या एका जुन्या थिएटरात गेलं आणि तिथे आजही रविवारी भरतं.

ध्वनिमुद्रणं मात्र दोन्ही मिळतात. ‘नेव्हर ग्रो ओल्ड’ हे गाणं तिनं १९५६ मध्येही गायलंय आणि १९७२ मध्येही. आधी चौदा वर्षांच्या मुलीचं ऐका, खरखरीसकट, आवाज मोठा करून. मग चित्रपट लावा, आणि तो मोबाइलवर पाहू नका.